शेजारच्या वस्तूकडे बघायचं

"अरे, हीच ती पेटी! कधीपासून शोधतोय मी."

माझ्या खांद्यामागून आवाज आला आणि माझा सौदा मोडला.

जुन्या बाजारात मी बराच वेळ एका विक्रेत्यापुढे उकिडवी बसले होते. हातात बिनझाकणाची किटली. तिची तोटी वाकडी कशी, बूड काळं कसं, यावर आमचा वाद रंगात आला होता. किटली मला नकोच होती. मला हवी होती तिच्या शेजारची लाकडी पेटी. आत मखमलीच्या खाचांमध्ये डोळे तपासायची जुनी भिंगं ओळीने उभी होती. "बरं, मग किटलीबरोबर ही पेटीही टाका," असं मी जाता जाता म्हणाले होते आणि विक्रेता मान हलवणारच होता... तेवढ्यात हे.

विक्रेत्याने आधी त्या माणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पेटीकडे. जणू ती आत्ताच आकाशातून पडली होती. त्यानंतर त्याने जो भाव सांगितला, तो ऐकून मी उठलेच.

तो माणूस मागे धावत आला. उंच, किंचित वाकलेला, जाड काड्यांचा चष्मा.

"माझं काही चुकलं का?"

"हवी असलेल्या वस्तूकडे असं टक लावून बघतं का कोणी?"

"मग कुठे बघायचं?"

"शेजारच्या वस्तूकडे. काय हवंय ते डोळ्यांत दिसलं, की भाव वाढतो."

तो विचारात पडला. "गंमत आहे. माझं दुकान चष्म्यांचं. दिवसभर डोळेच बघतो. पण हे कोणी शिकवलं नव्हतं."

"आता शिकलात. ती किटली तरी घ्या, नाहीतर तो मला पुन्हा दारात उभं करणार नाही."

मला वाटलं, विषय संपला. पण थोड्याच दिवसांत तो आमच्या दुकानात हजर. हातात तीच किटली.

"हिचं झाकण मिळेल?"

आमचं दुकान म्हणजे मी आणि आत्या. पुढे मांडलेल्या वस्तू, मागे दुरुस्तीची खोली, छताला उलट्या टांगलेल्या खुर्च्या आणि सगळीकडे पॉलिशचा वास. झाकण नव्हतं. तरी तो बसला. खुर्च्यांकडे मान वर करून बघत म्हणाला, "नवीन दुकानाच्या काचेत जुने चष्मे, आरसे, भिंगं मांडायचीत. तुम्ही गावोगाव फिरून माल आणता म्हणे. एकदा मलाही न्या की... गाडी माझी, वाट तुमची."

"कोण म्हणे?" मी विचारलं.

आत्या अचानक खुर्चीचे खिळे शोधायला लागली.

नाही म्हणण्यासारखी माझी स्थिती नव्हती. आमचा टेम्पो गॅरेजमध्ये पोट उघडून पडलेला. आणि लांबच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षिका घर रिकामं करून लेकीकडे निघाल्या होत्या. 'येऊन घेऊन जा, दुसऱ्या कोणाला देणार नाही,' असा त्यांचा निरोप आला होता.

पण संशय होता, आणि तो उगाच नव्हता. आदल्या वर्षी एक फोटोवाला असाच आला होता. त्यालाही काही विकत घ्यायचं नव्हतं, फक्त जुन्या दारांचे फोटो काढायचे होते. मी त्याला माझ्या ओळखीच्या घरी घेऊन गेले. पुढच्या फेरीला गेले, तर दारंच नव्हती. चौकटीसकट गेली होती. आमच्या धंद्यात माल कुठेही मिळतो, पण घरं मिळत नाहीत. ही घरं बाबांनी माणसं जोडून मिळवलेली. त्यांनी एकही पत्ता कधी कागदावर उतरवला नाही. आणखी काही घरं हातची गेली असती, तर दुकानाला कुलूप लावून आत्याला आणि मला दुसऱ्याच्या हाताखाली पॉलिश मारावं लागलं असतं.

तेव्हा मी नकाशा उघडला, पण तोंड नाही.

मागच्या खोलीत संध्याकाळी तो आखणीला यायचा. नकाशा उडू नये म्हणून त्यावर किटली ठेवायचा. गोड बोलायचा आणि विचारायचा मात्र नको ते.

"या घरानंतर लगेच पुढचं, की मध्ये थांबायचं?"

"थांबून काय करणार?"

"काही नाही... थांबायचं."

मी महामार्ग दाखवला, तर त्याचं बोट नदीकाठच्या रस्त्यावर.

"तो लांबचा आहे," मी म्हटलं.

"असू दे की."

"उशीर होईल."

"लवकर पोचून तरी काय, लवकर परतच यायचं ना?"

यात काहीतरी होतं. धंद्यातला माणूस असं बोलत नाही, आणि धंदा लपवणारा माणूस नेमकं असंच बोलतो.

सगळ्यात खटकायची त्याची नजर. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावणारा हा माणूस माझ्याशी बोलताना किटलीकडे बघायचा. नकाशाकडे, पंख्याकडे, आत्याकडे. मी पेन्सिल पुढे केली, तर पेन्सिलीकडे. आमची बोटं एकदा नदीच्या वळणावर एकमेकांना लागली. त्याने हात काढला नाही, मीही नाही... आणि तेवढा वेळ तो किटलीची तोटी निरखत होता.

मनात काळंबेरं असल्याशिवाय कोणी अशी नजर चुकवतं?

मी सापळा लावला.

"पहिला थांबा इथे," नकाशावर एका गावावर बोट ठेवून मी म्हटलं. "शाळेमागे निळ्या फाटकाचं घर. एक म्हातारे गृहस्थ आहेत. आरशांचा मोठा साठा आहे त्यांच्याकडे. कुठे बोलू नका."

त्या घरात माझे मामा राहतात. त्यांच्याकडे एकच आरसा आहे, दाढीचा, तोही तडकलेला. मामांना फोन करून ठेवला: कोणी आलं, तर नातं सांगायचं नाही, मला कळवायचं.

मनातल्या मनात मात्र मी म्हणत होते, जाऊ नकोस रे.

मामांचा फोन आला. "आला होता गं तुझा चोर."

माल जाईल ही भीती मला चांगली ओळखीची आहे. ही ती नव्हती.

"टेम्पो घेऊन?"

"टेम्पो कसला? पाणी मागायला म्हणून आला, बसला. माझ्या चष्म्याची काडी बसवून दिली. चहा घेतला."

"आरशांचं विचारलं?"

"छे. रस्त्याचं विचारलं. वळणं कुठे जास्त, खड्डे कुठवर. सज्जन वाटला, पण विचित्र आहे बाबा. बघायला आला म्हणावं, तर कुठे बघेना. आत आल्या आल्या त्याने समोर बघितलं, ते जुनं कपाट आहे ना, तिथे. बघतच राहिला. मग एकदम खुर्ची फिरवली आणि भिंतीला पाठ करून बसला. जाईपर्यंत. मान अवघडली असेल."

फोन ठेवला आणि मी आत्याला म्हटलं, "कळलं. कपाट हवंय त्याला."

आत्या खुर्चीच्या बैठकीत काथ्या भरत होती. "कुठलं कपाट?"

"मामाकडचं, आजीचं. एकदा डोळे भरून बघितलं आणि पाठ केली. मीच शिकवलं होतं त्याला. हवं त्याच्याकडे बघायचं नाही."

"कपाटाच्या वर भिंतीवर काय आहे?"

"काही नाही. माझा फोटो."

"हं." आत्याने खिळा ओठांत धरला, मग काढला. "आणि इथे येतो तेव्हा कशाकडे बघत नाही तो?"

मी दुकानभर नजर फिरवली. घड्याळांकडे बघतो. आरशांकडे बघतो. टांगलेल्या खुर्च्यांकडे तर मान मोडेपर्यंत बघतो. किटलीकडे तर...

समोरच्या आरशात मला मीच दिसले.

"तुझ्या बाबांनी तुला धंदा जरा जास्तच शिकवला," आत्या म्हणाली आणि खिळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा बाहेर बारीक भुरभुर होती. चष्म्यावर थेंब, हातात किटली. आत्या काहीतरी पुटपुटत पुढच्या दुकानात गेली आणि जाताना मधलं दार लोटून घेतलं.

"मामाकडे का गेला होतात?" मी सरळ विचारलं.

त्याने किटली नकाशावर ठेवली. "आत्या म्हणाल्या, तुम्हाला गाडी लागते. म्हटलं, आधी जाऊन रस्ते बघून यावेत. महामार्गावरचा घाट वाईट आहे. नदीच्या रस्त्याला वळणं कमी."

"आणि निळं फाटक?"

"ते वाटेतच दिसलं. तहान लागली होती. आत गेलो आणि फोटो दिसला."

"म्हणजे सापळा आहे हे कळलं."

"हो."

"बोलला नाहीत."

"काय बोलणार? परत येताना निम्मा रस्ता रागच आला होता. मग ती दारं आठवली. आत्यांनी सांगितलंय मला. माझी दारं चौकटीसकट गेली असती, तर मीही असाच सापळा लावला असता... कदाचित तुमच्याइतका चांगला जमला नसता."

पत्र्यावर भुरभुर वाजत होती. मी अजूनही चाचपत होते. सवय अशी एका संध्याकाळीत सुटत नाही.

"काय हवंय तुम्हाला, खरं सांगा. चष्मे? आरसे?"

"तेही हवेत," तो किटलीला म्हणाला. "पण ही... हिला झाकण नसलं तरी मला चालेल. तोटी वाकडी आहे, चटकन तापते, कोणावर विश्वास ठेवत नाही. तरी रोज समोर असावी असं वाटतं."

"किटली विश्वास ठेवत नाही?"

"नाही."

"किटलीबद्दल बोलताय तुम्ही?"

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "पण शेजारच्या वस्तूकडे बघायचं, असं तुम्हीच सांगितलंत."

मी पेन्सिल उचलली. किटली बाजूला केली. बाबांनी जे कधीच केलं नाही, ते केलं. शिक्षिकांच्या गावाभोवती गोल काढला, मग नदीच्या पलीकडच्या घराभोवती, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. सगळी घरं. गोल जोडत रेघ ओढली, ती नदीकाठच्या रस्त्याने. मग नकाशा त्याच्याकडे फिरवला.

तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मी त्याच्या हातात काय ठेवलं, ते त्याला कळलं होतं. त्याने नकाशाची घडी घातली आणि ती माझ्याच हातात परत दिली.

"हा तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "मी गाडी चालवीन. तुम्ही वळणं सांगा."

किटली आता नजरेच्या टप्प्यात नव्हती. बिचारा पंख्याकडे बघू लागला.

"मान अवघडत नाही का?" मी विचारलं.

"अवघडते. खूप."

"मग बघ."

'तुम्ही' कुठे गेलं आणि 'तू' कधी आलं, मला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला, पुन्हा लावला. आणि बघितलं, त्या दिवशी बाजारात पेटीकडे बघितलं होतं तसंच. काही म्हणजे काही न लपवता.

असं कोणी बघितलं, की भाव वाढतो. मी मात्र अजिबात भाव खाल्ला नाही.