मोडाची मटकी आणि आबांचं नवं हृदय

मटकीचं नेमकं काय चुकलं, हे शाल्मलीला काही केल्या कळेना. भिजवून, उपसून, फडक्यात घट्ट बांधून ठेवलेली ती मटकी. सकाळी पाहावं तर छान लांब मोड आलेले. त्यावर लिंबू पिळून, मीठ भुरभुरवून तिने वाटी आबांसाठी नेली, आणि दारातच दक्षाने ती काढून घेतली.

दक्षा म्हणजे शुश्रूषेसाठी (आजारी माणसाची काळजी घेण्यासाठी) बनवलेली यंत्रमानव. साताऱ्यातल्या त्यांच्या घरी ती इस्पितळातून आबांबरोबरच आली होती. आवाज मऊ, पण स्वभावाने भलतीच खमकी.

"कच्चे मोड आबांना चालत नाहीत," ती म्हणाली.

"काल उसळ चालली की. तीही मटकीचीच होती."

"ती शिजवलेली होती."

शाल्मलीने नाक फुगवलं. "आबांना हे फार आवडतं. आणि मी हात धुऊनच केलंय सगळं."

काचेच्या दारापलीकडे आबा आरामखुर्चीत बसले होते. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील. शेतकी महाविद्यालयात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. उन्हाळ्यात त्यांचं थकलेलं हृदय काढून डॉक्टरांनी तिथे एका मरण पावलेल्या माणसाचं निरोगी हृदय बसवलं होतं (याला हृदयप्रत्यारोपण म्हणतात). तेव्हापासून त्यांच्या खोलीत गाळलेली हवा यायची आणि बोलणं व्हायचं ते दारावरच्या स्पीकरमधून. येत्या रविवारपासून मात्र शाल्मलीला मास्क लावून त्यांच्या शेजारी बसता येणार होतं. तिचा सगळा जीव त्या रविवारात अडकला होता.

"शालू, तिच्यावर रागावू नकोस," आबा म्हणाले. "आधी मला सांग, पाहुणे आले की आपला खंड्या काय करायचा?"

"भुंकायचा. एकदा तर काकांची पँट फाडली त्याने."

"मग आपण काय केलं?"

"साखळीला बांधलं."

"माझ्या रक्तातही असे पुष्कळ राखणदार आहेत. त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. घरचं कोण, परकं कोण हे त्या ओळखतात, आणि जंतू दिसला की तुटून पडतात. हीच आपली रोगप्रतिकारशक्ती (रोगाशी लढण्याची शरीराची ताकद). आता मला सांग, हे नवं हृदय त्यांना कसं वाटेल?"

"परकं," शाल्मली सावकाश म्हणाली. "म्हणजे त्या त्याच्यावरही धावून जाणार?"

"जाणारच. हा पाहुणा आपल्याला जगवायला आलाय, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? म्हणून मी रोज औषधं घेतो. ती या पेशींची साखळी आखूड करतात. पण साखळी आखूड केली की काय होतं?"

शाल्मली विचारात पडली. "चोर आला तरी खंड्याला धावता येत नाही."

"तसंच आहे हे," आबा म्हणाले.

दक्षाने मटकीचा एक दाणा आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) धरला. तिच्या छातीवरच्या पडद्यावर सालीच्या भेगा दिसू लागल्या, आणि भेगांत वळवळणारे ठिपके. मोड यायला ऊब आणि ओल लागते, तिने समजावलं, आणि जंतूंनाही नेमकं तेच हवं असतं. फडक्यात मटकीबरोबर तेही वाढतात. कितीही धुतलं तरी काही भेगांत दडून राहतात, चांगलं शिजवलं की मरतात. धडधाकट माणसाचं शरीर सहसा त्यांचा समाचार घेतं. आबांचं शरीर मात्र सध्या कमी पडलं असतं.

शाल्मली वाटीपासून मागे सरकली. "म्हणजे मीच आबांना आजारी पाडलं असतं."

"अगं, मी एवढा शिकवणारा, पण वाटी बघून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं," आबा म्हणाले.

आईने घरातल्या सगळ्यांना लस का टोचून घ्यायला लावली, तेही आता तिला उमगलं. आबांपर्यंत जंतू पोहोचायचे ते बहुधा घरच्यांच्याच अंगावरून. मग काय, शाल्मलीबाईंनी घर डोक्यावर घेतलं. बाबा ऑफिसातून आले की साबण घेऊन ही दारात हजर. शेवटी बाबा स्वतःच्या घरात चोरासारखे मागच्या दाराने येऊ लागले, तर ही तिथेही उभी.

रविवार उजाडला. शाल्मलीने हात धुतले, मास्क लावला आणि दक्षासमोर कपाळ पुढे केलं.

"ताप नाही," दक्षा म्हणाली. "आत जाऊ शकतेस."

पलीकडे आबांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली होती. शाल्मलीने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि ती थांबली. सकाळपासून तिचा घसा खवखवत होता. अगदी थोडासा. सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नव्हतं, आणि तिला आत जायचं होतं, फार फार जायचं होतं.

"दक्षा," ती म्हणाली, "माझा घसा दुखतोय."

"हे माझ्या तपासणीत दिसलं नसतं," दक्षा म्हणाली आणि तिने हळूच शाल्मलीचा हात मुठीवरून बाजूला केला.

शाल्मली दाराशीच फतकल मारून बसली आणि रडली. आबा उठले, भिंतीला धरत धरत काचेपाशी आले आणि खुर्ची तिथे ओढून बसले.

"आबा," तिने नाक ओढत विचारलं, "त्या पेशींना हृदयाची ओळख करून देता येणार नाही का? की हे आपलंच आहे, याला काही करू नका?"

"तेच शिकवायच्या मागे शास्त्रज्ञ लागलेत. अजून पुरतं जमलेलं नाही. पण जमेल. मग साखळी लागणार नाही, आणि असलं दारही लागणार नाही. कदाचित ते जमवणारी तूच असशील."

मग आबांनी दक्षाला आत बोलावलं. तिने हात स्वच्छ करून आपल्या तळव्यातली ठोके ऐकायची चकती आबांच्या छातीला लावली, आणि स्पीकरमधून आवाज येऊ लागला. धप धप, धप धप. एकसारखा, न थकता.

"हे कुणाचं होतं, आबा?"

"नाव मला माहीत नाही. त्याच्या घरच्यांनी रडत रडत दिलं असेल," आबा म्हणाले. "आणि आज तू ते जपलंस."

शाल्मलीने डोळे पुसले आणि स्पीकरला कान लावून ती ऐकत राहिली.