सात वाजताची सुई

औषधाच्या दुकानात माझ्या पुढे एकच माणूस उभा होता, आणि त्याच्या कोटावरून पावसाचं पाणी थेंब थेंब माझ्या बुटांवर गळत होतं. मी मागे सरकले नाही. मागे दार होतं, आणि दाराबाहेर आमच्या मर्गिलान शहराचा नोव्हेंबर.

तो सुया घेऊन वळला, तसं मी दुकानातल्या बाईंना हळूच म्हटलं, "मलाही त्याच द्या. सगळ्यात बारीक."

"इन्सुलिनच्या? पेशंटचं वय?"

"अकरा."

तो दारात थबकला. "मला पंधराव्या वर्षी लागल्या," तो म्हणाला. आवाज असा, की जणू जुनी ओळख आहे. "घाबरू नकोस म्हणावं. मुलगा की मुलगी?"

मी खोटं बोलत नाही. अम्मीने लावलेली सवय. पण त्या क्षणी वाटलं, एकदा बोलावं...

"बोका आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. थोडा विचार केला त्याने. "मग सांगून उपयोग नाही. ऐकणार नाही तो."

हसले ती मीच. अम्मी जाऊन आठ महिने झाले होते, आणि मला माझंच हसू ओळखू आलं नाही.

त्याचं नाव सनजार. बाजाराच्या वेशीपाशी त्याची घड्याळदुरुस्तीची टपरी. मी मुहय्यो, रजया शिवते, एकोणतीस वर्षांची. अम्मीच्या आजारपणात लग्नाचं वय कधी मागे पडलं ते कळलं नाही. तिच्यामागे घरात दोनच जीव उरले, मी आणि तिचा पांढरा बोका, पख्ता. पख्ता म्हणजे कापूस. पण आता कापूस कसला, नुसती हाडं. वाडगं वाडगं पाणी प्यायचा, आणि मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा. रजयांची उंच पेटी ही त्याची अम्मीच्या वेळची झोपायची जागा. आता तो पेटीखाली बसून वर बघत राहायचा.

फरगान्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नुसतं मांस. पाव, भात, पीठ काही नाही. दिवसातून दोनदा एकेक युनिट. काही मांजरांची दोन-चार महिन्यांत सुई सुटते. काहींची सुटत नाही, आणि मग पायांनंतर बाकीचंही जातं."

पावसात दुकानाच्या वळचणीला उभं राहून मी हे सगळं सनजारना सांगितलं. हेही सांगितलं, की डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा जमलं, घरी मात्र हात थरथरतात.

"मी दाखवू का?" एवढंच म्हणाले ते.

"शेजारच्या साबिरा-खाला बसतील अंगणात," मी घाईने म्हटलं. "आणि फाटक उघडं राहील."

"राहू दे की. मी पण लाजराच आहे."

दुसऱ्या दिवशी ते आले, खिशात एक पिकलेला, टोमॅटोसारखा मऊ खुर्मा घेऊन. साबिरा-खाला चौथऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. नजर बियांवर, कान आमच्याकडे.

"आधी या फळाला टोचा," सनजार म्हणाले. "साल थोडी वर उचला. असं. आता कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवतोय, इतक्याच हलक्या हाताने."

"बिस्मिल्ला," मी म्हटलं आणि टोचलं. खुर्मा काही ओरडला नाही.

"शिकवणी फळाची आणि डोळे मास्तरांचे कुठे," खाला बियांना म्हणाल्या.

सनजारांचे कान लाल झाले. पख्ताने मात्र त्यांच्या हातून सुई अशी घेतली, की झालं काय ते त्याला कळलंही नाही.

वेळेवरून आमचं पहिलं भांडण झालं. भांडण कसलं... मी म्हटलं, पहाटे फज्रच्या नमाजनंतर एक आणि सूर्यास्ताला मगरिबनंतर एक. तशी विसरणार नाही मी, आयुष्यात नमाज चुकलेली नाही.

"अजान रोज मिनिटभर सरकते," ते म्हणाले. "थंडीत तुमच्या दोन नमाजांमध्ये अकरा तास, उन्हाळ्यात सतरा. साखर सरकत नाही. तिला बाराच तास लागतात."

"घड्याळवाल्याला घड्याळच दिसणार."

"हो ना. दुसरं काही दिसलं तरी दुरुस्त करता येत नाही मला."

सात वाजता ठरलं. सकाळची सुई माझी, संध्याकाळची त्यांची. "तुमचा हात बसेपर्यंत," असं म्हणाले होते. माझा हात दहा दिवसांत बसला. ते मी त्यांना सांगितलं नाही. खोटं नव्हतं ते, विचारलंच नव्हतं कुणी.

रोज सातला पाच कमी असताना फाटक वाजायचं. ते पख्ताच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घ्यायचे आणि मी वहीत साखरेचा आकडा लिहायचे. धडधाकट मांजराचा आमच्याकडच्या मापात पाच-सहा असतो, पख्ताचा बावीस होता. मग चहाची एक पियाली, बिनसाखरेची. मग ते जायचे. आणि फाटकाच्या कडीचा आवाज विरेपर्यंत मी पियाली तशीच धरून उभी राहायचे, तिची ऊब संपेपर्यंत. अंगण पुन्हा तेवढंच मोठं व्हायचं.

डिसेंबर उलटला. आकडे उतरत होते, बावीसचे सोळा, सोळाचे बारा... पण तिथून खाली जाईनात. पाय तसेच. एका संध्याकाळी सनजार वही घेऊन दिव्याखाली बसले. घड्याळाचं झाकण उघडल्यावर बघत असतील, तसेच बघत होते.

"मुहय्यो," ते म्हणाले, "आठवडाभर खाली येतो आकडा. गुरुवारी वर चढतो. दर गुरुवारी. काय होतं त्या दिवशी या घरात?"

साबिरा-खालांचं बिया सोलणं थांबलं.

गुरुवारी आम्ही गेलेल्यांच्या नावाने तेल तापवतो. पिठाचे गोळे तळतो, वास त्यांच्यापर्यंत पोचतो, मग दुवा वाचून गोळे वाटतो. मी सात तळते. गुरुवारी माझा रोजा असतो, म्हणून अम्मीच्या नावाचा पहिला गोळा मी खाऊ शकत नाही. तिच्या हयातीत तो पख्ताचाच असायचा, तीच भरवायची. मग मीही... आणि एकावर तो थांबायचा नाही. अब्बाच्या नावाचा एक. आजीच्या नावाचा एक.

"डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"दुवाचं असतं ते," मी म्हटलं. "मला वाटलं, त्यातून वाईट कसं होईल. आणि तो ते खातो ना, तेव्हा वाटतं अम्मीने खाल्लं. ते बंद केलं तर तिला कुणी भरवायचं?"

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मिटली.

"उद्या गुरुवार आहे. मी लवकर येऊ का? तुम्ही तळाल तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर, असरच्या नमाजनंतर ते आले. मी तेल तापवलं. सात गोळे फुगून सोनेरी झाले, घरभर वास पसरला. पख्ता लंगडत आला आणि माझ्या पायांशी ओरडू लागला. मी हात उचलला नाही. माझं सगळं अंग दुखत होतं त्या हाताबरोबर.

"मलाही हे चालत नाहीत," सनजार हळूच म्हणाले. "पंधराव्या वर्षापासून. आई गुरुवारी तळायची तेव्हा मी असाच कढईपाशी बसायचो. ती म्हणायची, वास खाल्लास ना, मग झालं. गेलेल्यांना तरी दुसरं काय मिळतं." ते थांबले. "तुमच्या अम्मीला पोचलं असेल. मला तर पोचलं."

मी दुवा वाचली. त्यांनीही ओंजळ धरली. सातही गोळे साबिरा-खाला पदरात घेऊन गल्लीत वाटायला गेल्या. पख्ताला उकडलेली कोंबडी मिळाली. तो माझ्याकडे पाठ करून जेवला.

त्यानंतर आकडे उतरले ते उतरतच गेले. आठ. सात. डॉक्टरांनी डोस अर्धा केला. फेब्रुवारीत एका सकाळी मी नमाजवरून उठले तर पख्ता खाली कुठेच नव्हता. तो पेटीवर होता, अम्मीच्या वेळच्या जागेवर, नाक शेपटीत खुपसून. मी सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

"सुई बंद करा," डॉक्टर म्हणाल्या. "अधूनमधून तपासा. आणि पीठ नाही म्हणजे नाही."

त्या संध्याकाळी सनजारांनी वहीत शेवटचा आकडा स्वतः लिहिला. साडेपाच. पियाली दोन्ही हातांत धरून बसले.

"आता तर... जमेल तुम्हाला," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. थांबा म्हणायचं होतं. एवढासा शब्द, तो कुणी शिकवला नव्हता.

मग सात वाजत राहिले आणि फाटक वाजेना. पख्ता सातला पाच कमी असताना पेटीवरून उतरायचा आणि फाटकाकडे तोंड करून बसायचा. "नाही येणार रे," मी म्हणायचे. सव्वासातला तो उठायचा. मी त्याच्या नंतर.

पाचव्या गुरुवारी, मार्चच्या भुरभुर पावसात, मी कढई उतरवत होते. फाटक वाजलं. साबिरा-खाला एका अनोळखी बाईंना घेऊन आल्या होत्या. बाईंच्या हातात रुमालात बांधलेल्या दोन रोट्या. अशा रोट्या घेऊन बायका का येतात, ते आमच्याकडे लहान पोरींनाही ठाऊक असतं. मागणी मान्य असेल तर मुलीच्या घरात रोटी मोडायची. नसेल तर अख्खी परत.

"मी सनजारची मावशी," बाई बसल्या. "पोरी, त्याने बजावलंय, आधी दुखणं सांग, मग रोटी पुढे कर. एकदा ठरलेलं लग्न मोडलंय त्याचं यावरून. आयुष्यभराची सुई आहे. कुणाच्या लेकीला यात कशाला ओढायचं, म्हणून महिनाभर गप्प बसला होता."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता मी म्हटलं, विचारल्याशिवाय काय कळणार. आलाय बरोबर. येऊ नये म्हटलं तरी आलाय. बाहेर छत्री धरून उभा आहे."

"मुलीला आई नाही," साबिरा-खाला म्हणाल्या. "रोटी मी मोडीन. पण ती हो म्हणाली तर."

पख्ता केव्हाच फाटकापाशी जाऊन बसला होता. मी रुमालाकडे बघत राहिले.

"खाला," मी म्हटलं, "सुई तर मला देता येते. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक."

साबिरा-खालांनी एवढ्या जोरात रोटी मोडली की तिचे तीळ माझ्या मांडीवर उडाले. त्यांनी अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. रोजा होता, मी तो तसाच धरला आणि फाटकापर्यंत गेले.

ते भिजले होते. छत्री पख्तावर होती.

"मगरिबला रोजा सुटेल, अजून पाच मिनिटं आहेत," मी म्हटलं. "तोवर थांबाल?"

त्यांनी मनगटाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या तुकड्याकडे.

"सहा," ते म्हणाले. "थांबतो."