चाळीस सैनिक आणि दगडी हात

"हे मी लिहिलं असेल तर माझं डोकं फिरलंय. नसेल लिहिलं, तर कुणीतरी माझं पुस्तक पळवलंय. दोन्हींपैकी काय ते सांगा," म्हातारे लेखक म्हणाले आणि टेबलाची कड चाचपत खुर्चीत बसले.

वहिनींनी पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला. खासगी तपासाच्या धंद्यात वीस वर्षं मुरलेल्या वहिनी अशा वेळी गप्प बसायच्या. बोलायचं काम त्यांचे धाकटे दीर करायचे, आणि बहुतेक वेळा नको तेच बोलायचे. निवृत्त पोस्टमास्तर असलेल्या या भाऊजींनी वही उघडली.

भानगड अशी होती. लेखकांची कादंबरी प्राचीन काळातल्या चाळीस सैनिकांची. लढाईवरून परतताना ते वाट चुकून जादूच्या मुलखात शिरतात आणि तिथल्या नदीच्या शापानं सेनापतीचा डावा हात दगडाचा होतो. लिहिता लिहिता लेखकांची नजर गेली, तरी पठ्ठ्यानं नुसत्या बोटांच्या सवयीवर टाइपरायटर बडवून कादंबरी पुरी केली. शेवटचं प्रकरण कुणालाही न दाखवता, पाकीट बंद करून प्रकाशकाकडे पाठवलं. काल लेकीनं छपाईआधीची प्रुफं वाचून दाखवली, तर शेवट भलताच!

"मी सगळ्यांना दगड केलं होतं," लेखक म्हणाले. "इथं तर सगळे सुखरूप घरी!"

"बाबा, रागवू नका," सोबत आलेली लेक हळूच म्हणाली, "पण त्यात चुका पण आहेत. सेनापतीचा दगडी हात उजवा झालाय. निशाणवाल्याचा अधू डोळा उजवा होता, तो डावा झालाय. ढोलवाला डाव्या पायानं लंगडायचा, तो आता उजव्या. परवा तुम्ही औषधही दोनदा घेतलंत..."

"वय झालं की व्हायचंच," भाऊजी म्हणाले. वहिनींनी असं पाहिलं की त्यांनी मान खाली घालून तिन्ही चुका वहीत उतरवल्या.

"डोळे गेले, ते मी सोसलं," लेखक म्हणाले. "डोकं गेलं असेल तर टाइपरायटर आजच देऊन टाकतो. शनिवारी छपाई आहे."

प्रकाशक प्रुफांच्या ढिगाऱ्यामागे बसले होते. "पाकीट आलं, तसंच ठसेवालीकडे धाडलं. पुस्तकातली चित्रं ती लाकडी ठशांवर कोरते ना, शेवटचं तेवढं राहिलं होतं. आठवड्यानं पानं परत आली, ती छपाईच्या खिळ्यांच्या जुळणीला गेली. जुळणी झाली की मूळ पानं रद्दीत, आमची पद्धतच आहे."

"तुम्ही वाचलंत?"

"बाई, आम्ही छापतो. वाचायला सवड कुणाला?"

"गोड शेवट जास्त खपतो म्हणे."

"खपतो की! पण दगड झालेलेही पुढच्या भागात जादूनं उठवता येतात. मला दोन्ही चालतं."

भाऊजींनी वहीत प्रकाशकाच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. कोपऱ्यात टाइपरायटरही होता! पण तसा तो ठसेवालीच्या कारखान्यातही निघाला, आणि लेखकांच्या घरी तर होताच. भाऊजींचा विरस झाला.

ठसेवाली तिशीतली, बोटांना शाई, केसांत लाकडाचा भुसा. भिंतीला ठसे टेकून ठेवले होते. भाऊजींनी एकावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. "ही कुठली लिपी, बाई?"

ती हसली. "आपलीच, काका. आम्ही उलटं कोरतो, छापलं की सुलट होतं."

"छान दिसत असतील छापल्यावर," वहिनी म्हणाल्या.

"छापलेली मी बघतच नाही. ती प्रेसवाल्यांची. माझे सैनिक हे, लाकडातले. आठ महिने झाले, चाळीसही चेहरे झोपेत कोरीन."

"आणि हा?" वहिनींनी एका कोऱ्या ठशावर बोट ठेवलं.

"शेवटचं चित्र. जमेना," ती म्हणाली आणि कोरणी पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना लेखकांच्या घरी गोळा केलं.

"विसराळू माणूस चुकतो," त्या म्हणाल्या, "पण इतक्या शिस्तीत चुकत नाही. तीन चुका, तिन्ही डाव्या-उजव्याच्या. बाकी नावं, नदी, शाप, सगळं बिनचूक. म्हणजे लिहिणाऱ्याला हे सैनिक तोंडपाठ आहेत, फक्त उलटे पाठ आहेत. लेखकांनी ते मनात पाहिले, लेकीनं कागदावर, आणि प्रकाशकांनी..."

"पाहिलेच नाहीत," भाऊजी पुटपुटले.

"उलटे पाहणारं इथं एकच माणूस आहे. आठवडाभर पानं हाताशी, तरी ठसा कोरा. कारण पानांत जे होतं, ते तिला कोरायचंच नव्हतं."

ठसेवालीचे डोळे भरले. "एकेक चेहरा मी आठ महिने कोरला. आणि तुम्ही एका पानात सगळ्यांचे दगड केलेत. माझ्यानं बघवेना, म्हणून शेवट मीच बदलून टाइप केला. तुम्हाला दिसत नाही, म्हणजे कळणार नाही, असं वाटलं. चुकले मी."

"मला ऐकू येतं," लेखक कडाडले. "दोन दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो, पोरी!"

लेकीनं वडिलांचा हात घट्ट धरला. "बाबा, मीही तुमच्यावर विश्वास ठेवला नाही."

"म्हणजे डोकं जागेवर आहे माझं," ते हळूहळू म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आणि खरं सांगू? माझी नजर गेली, त्या रागात मी त्यांना दगड केलं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? प्रकाशक, छपाई आठवडाभर पुढे ढकला. सगळे घरी पोचतील, पण माझ्या वाटेनं. आणि पोरी, शिक्षा म्हणून रोज येऊन पान न् पान मला वाचून दाखवायचं. तो कोरा ठसाही घे कोरायला. दगडी हात तेवढा नीट..."

"उजवा कोरते," ठसेवाली डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे छापल्यावर डावा येईल."

भाऊजी आपले दोन्ही हात पुढे धरून ते पडताळत राहिले. त्यांना उमगेपर्यंत लेकीनं टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला होता, आणि म्हाताऱ्याची बोटं चालू लागली होती.