पुजानं सेव्ह केलेला फोटो

हे खरंच घडलं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो कुलदीप आजही सेनगावजवळच्या गोरेगावात फोटो स्टुडिओ चालवतो. त्यानंच मला सांगितलं.

वेळ रात्रीची नव्हती.

गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार होती...

कुलदीप लग्नाचे फोटो काढायचा. ते कॉम्प्युटरवर नीट करायचं काम त्याच्या बायकोचं, पुजाचं. तिची बोटं कीबोर्डवर अशी पळायची की बघत राहावं. माऊस धरून मेनू धुंडाळणाऱ्या नवऱ्याला ती हसायची.

"काहून हुडकून राहिले तिथं? कंट्रोल जे दाबा, झाली कॉपी. टॅब दाबा, सगळ्या पट्ट्या गायब. अन् चुकलं तर कंट्रोल झेड. सगळं माघारी येतंय."

मग एक दिवस सेनगावच्या रस्त्यावर जीप उलटली.

पुजा त्या जीपमध्ये होती.

दिवसकार्याला फोटो लागणार होता. कुलदीपची आई नानीबाई म्हणाली, "लेका, हसतानाचा लाव. माझी सून हसरी होती."

हसतानाचा एकच होता. कळमनुरीच्या एका लग्नातला, दोघांचा. कुलदीपचा हात तिच्या खांद्यावर. कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलेलं. फोटो उरला होता तो फक्त कॉम्प्युटरमध्ये.

हार घालायच्या फोटोत जिता माणूस चालत नाही. कुलदीपला स्वतःला कापायचं होतं.

ती गेल्यावर त्या दुपारी तो स्टुडिओत पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसला. पडद्यावरचे स्वतःचे पाय पुसले. अंग पुसलं. चेहरा पुसला. तिच्या खांद्यावरचा हात तेवढा पुसवेना...

तो उठून दारात गेला. रस्ता ओस पडला होता.

आतून आवाज आला.

टक... टक...

तो मागं फिरला. पडद्यावर तो पुन्हा तिच्या शेजारी उभा होता. अख्खा.

चुकून बटण दाबलं गेलं असेल. त्यानं पुन्हा सगळं पुसलं. या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

टक... चेहरा आला.

टक... अंग आलं.

टक... पाय आले.

कंट्रोल झेड. कुणीतरी एकेक पाऊल माघारी जात होतं.

कुलदीपनं कीबोर्डची वायर उपटली. कीबोर्ड त्याच्या मांडीवर होता, वायर खाली लोंबत होती.

टक...

बटण त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

डोक्यावर पंखा फिरत होता. पण त्याचा आवाज येत नव्हता.

"पुजा?"

त्यानं पडद्यावरच्या स्वतःकडं बघितलं.

"मला कापू नगं म्हणतीस?" त्याला रडू फुटलं. "मंग न्हाई कापत. मी बी येतो तुझ्यासंग. तुझ्याबिगर न्हाई जमत गं. दोघांच्या फोटोला एकच हार घालतील."



मग वरच्या ओळीतली आकड्यांची बटणं एकामागून एक खाली जाऊ लागली. नऊ... आठ... सात...

आकडा उतरत होता, तशी पडद्यावरची पुजा फिकी होत होती. तो नाही. फक्त ती.

"थांब! न्हाई येत मी! बराबर राहतो, तुझी आन! पुजा, थांब!"

तीन... दोन... एक...

कंट्रोल झेड दाबता यावं म्हणून तो वायर जोडायला वाकला. पिन बसेना.

टक. टक.

कंट्रोल एस. फोटो सेव्ह झाला आणि आपोआप बंद झाला.

बंद झाल्यावर माघारी काही येत नाही. हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

त्यानं फाईल उघडली. मांडवात कुलदीप एकटाच उभा होता. हसत. हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

दिवसकार्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. नानीबाईनं विचारलं, "हसतानाचा कुठं गेला?" त्यानं फोटोवरचा हार सारखा केला.

ती रागावली होती, की त्याला मागं येऊ द्यायचं नव्हतं? ते त्यालाही ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून तो दुपारी स्टुडिओ बंद करत नाही. जेवायलाही घरी जात नाही.

परवा मी विचारलं, "तिथं एकट्याला भेव न्हाई वाटत?"

त्यानं पडद्याकडं बघितलं.

"वाटते," तो म्हणाला. "ती परत आलीच न्हाई, त्याचं."