दुसऱ्या रांगेतली जागा

धरण दिसलं की मुरलीधर पांढरीपांडे यांचे पाय आपोआप तिकडे वळत. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? बायको गेल्यावर नागपूरच्या फ्लॅटला कुलूप लावून ते बर्मिंगहॅमला मुलीकडे, कस्तुरीकडे, राहायला आले. घरापासून दहा मिनिटांवर एजबॅस्टनचा जलाशय आहे हे कळलं, तेव्हा त्या परक्या गावात त्यांना पहिल्यांदा जरा बरं वाटलं. कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं मातीचं धरण. कस्तुरी हॉस्पिटलच्या फार्मसीत जायच्या गडबडीत असे, नात मायरा युनिफॉर्मचा टाय शोधत असे, तेव्हा मुरलीधर कानटोपी चढवून बाहेर पडत आणि बांधावर उभे राहून पाणी कालच्यापेक्षा किती उतरलं याचा अंदाज घेत.

बांधाच्या टोकाशी हिरवळीचा एक सपाट तुकडा होता. तिथे रोज आठ वाजता काही चिनी म्हातारे-म्हाताऱ्या ताई-ची हा संथ हालचालींचा व्यायाम करत. सगळ्यांत पुढे मिस्टर टॅम, ऐंशीच्या पुढचे, वेताच्या छडीसारखे सडपातळ. त्यांच्या मागे तीन-तीनच्या तीन रांगा. पण माणसं आठच. दुसऱ्या रांगेत डावीकडची, पाण्याच्या बाजूची जागा रिकामी असे. कुणी आजारी असेल, मुरलीधरांना वाटलं. दोन आठवड्यांनीही ती रिकामीच होती, आणि मागचं कुणी पुढे सरकत नव्हतं.

एका सकाळी तिसऱ्या रांगेतल्या जाड चष्म्याच्या बाईंनी हाक मारली, "अहो मिस्टर, नुसतं बघून गुडघे सुधारत नाहीत. या!"

या मिसेस यिप. जवळच्या डडलीला तीस वर्षं चायनीज टेकअवे चालवलेल्या. त्यांचं इंग्रजी पक्कं बर्मिंगहॅमचं, मुरलीधरांना निम्मं कळायचं. ते हसले, कोटाची बटणं सोडली आणि सरळ जाऊन रिकाम्या जागेवर उभे राहिले. कुणीही तेच केलं असतं.

मिसेस यिप यांचा वर केलेला हात तसाच राहिला. पुढून टॅम यांनी मागे वळून पाहिलं. चेहरा नव्हे, त्यांनी आधी मुरलीधरांचे पाय पाहिले. मग बराच वेळ चेहरा. मिसेस यिप चिनीत काहीतरी बोलू लागल्या, पण टॅम यांनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून हात उचलले.

मुरलीधर रोज जाऊ लागले. व्यायामानंतर बाकावर फ्लास्कमधला चहा मिळे, बिनदुधाचा, धुरकट वासाचा. मिसेस यिप गप्पा मारत. हाँगकाँगच्या उत्तरेला खाडीकाठी त्यांचं गाव. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या इंग्लंडला आल्या आणि पुढची तीस वर्षं बटाटे सोलले. मुलं काउंटरखाली बसून गृहपाठ करायची. रविवारी दुकान बंद ठेवता येत नसे, म्हणून चिनी नवं वर्षसुद्धा सोमवारी साजरं व्हायचं. मुरलीधर पेंचच्या कालव्याच्या गोष्टी सांगत. टॅम यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. ते ऐकत बसत, आणि मधूनच मुरलीधरांच्या बुटांकडे पाहत.

तिसऱ्या आठवड्यात मायरा म्हणाली, "आजोबा, तुमचा सॉक्स ओली आहे."

खरंच ओले होते. दोन्ही मोजे पिळले तर पाणी निघेल इतके. बाहेर चार दिवस पाऊस नव्हता आणि बूट वरून कोरडे होते. वय झालं, घाम येत असेल, म्हणून त्यांनी मोजे रेडिएटरवर टाकले. संध्याकाळी ते वाळून कडक झाले होते आणि त्यांवर पांढरी रेघ उमटली होती. मुरलीधरांनी आयुष्यात शेकडो विहिरींचं पाणी तपासलं होतं. त्यांनी नखाने ती पांढरी पूड खरवडली आणि जिभेला लावली.

मीठ. आणि जलाशयाचं पाणी गोडं होतं. दुसऱ्या दिवशी ओंजळभर तोंडात घेऊन त्यांनी ती खात्री करून घेतली.

त्यांनी घरी काही सांगितलं नाही. पण मोजे रोज ओले होऊ लागले, आणि एका सकाळी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर कस्तुरीला रक्ताचे ठसे दिसले.

"बाबा, बसा इथे. पाय वर करा." तिने तळवा हातात घेतला. तळव्यावर बारीक, खोल, जवळजवळ समांतर काप होते. वीस-पंचवीस तरी. "हे कधी झालं? तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"नाही गं."

मधुमेहामुळे तळव्यांना फारसं कळत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. कस्तुरीने सुट्टी घेतली आणि त्यांना तासाभरात डॉक्टरच्या दवाखान्यात नेलं. सारा नावाची नर्स होती. तिने जखमा धुतल्या आणि चिमट्याने एका कापातून काहीतरी काढून बशीत ठेवलं. नखाएवढा तुकडा, एका बाजूने खडबडीत राखाडी, दुसऱ्या बाजूने मोत्यासारखा चमकणारा.

"समुद्रावर गेला होता का?" साराने विचारलं. "हा कालवाचा, ऑयस्टरचा शिंपला आहे. माझे वडील मासळी विकायचे."

बर्मिंगहॅमहून समुद्र कुठल्याही दिशेला जा, लांबच. आल्यापासून मुरलीधरांनी तो पाहिलाही नव्हता. कस्तुरी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी तो तुकडा मागून घेऊन कागदात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी पायांना पट्ट्या बांधून ते गेले. व्यायाम केला नाही. बाकावर टॅम यांच्या शेजारी बसले आणि खिशातून कागदाची पुडी काढून तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"यांना विचारा, ती जागा कुणाची आहे," ते मिसेस यिप यांना म्हणाले.

टॅम यांनी मूठ मिटली आणि ते बोलू लागले. हळू, पाण्याकडे बघत. मिसेस यिप एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या.

एकोणीसशे बासष्ट साल. त्याआधीची तीन वर्षं टॅम यांच्या गावात झाडांच्या साली शिजवून खाल्ल्या होत्या. आई त्यातच गेली. वसंतात टॅम आणि धाकटा भाऊ अ-सिंग निघाले. टॅम वीस वर्षांचे, अ-सिंग सतरा. सहा दिवस डोंगरांतून चालून खाडीवर पोचले. पलीकडे हाँगकाँगचे दिवे दिसत होते. तरंगायला बास्केटबॉलचे दोन रबरी ब्लॅडर होते, फुगवून छातीला बांधलेले. त्या खाडीत कालवांची शेती चालायची, उथळ पाण्यात धारदार शिंपल्यांचे वाफेच्या वाफे. पाण्यात उतरताना दोघांचे तळवे चिरले.

"मध्यावर अ-सिंगचा बॉल फुटला," मिसेस यिप म्हणाल्या. "त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला. एका बॉलवर दोघं तरंगेनात."

टॅम थांबले. मग टॅम यांनी आपला डावा खांदा एकदा झटकला. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

"हे मला आजच कळतंय," मिसेस यिप हळूच म्हणाल्या. "आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की जागा भावाची आहे."

"मग मला त्या जागेवर उभं का राहू दिलं?"

हा प्रश्न मिसेस यिप यांनी टॅम यांना सांगितला, उत्तर ऐकलं, पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"ते म्हणतात, पहिल्या दिवशी तुम्ही पाण्यातून चालत आलात. पँट गुडघ्यांपर्यंत ओली होती. पाय अनवाणी होते."

"मी रस्त्याने आलो. तुम्हीच मला हाक मारलीत."

"हो," मिसेस यिप म्हणाल्या. "मी तुम्हाला रस्त्यावरच बघितलं." पण बोलताना त्यांचं लक्ष चहाच्या कपात होतं.

मुरलीधरांनी त्या दिवशी ठरवलं, बस झालं. माणूस म्हातारा आहे, मनाला लागलेलं आहे, त्याला भास होतात. शिंपल्याचं काय, कुठून तरी आला असेल. मोज्यांचा विचार मात्र त्यांनी टाळला. कस्तुरीनेही बजावलं, "बाबा, जखमा भरेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

तीन दिवस ते घरी राहिले. मोजे कोरडे राहिले.

चौथ्या दिवशी नाश्त्याला मायराने विचारलं, "आजोबा, तुम्ही रोज दारापाशी का उभा राहते? शूज न घालता?"

"कधी?"

"रोज. आठ वाजता. मी बाय म्हणते तर तुम्ही बोलत नाही."

मुरलीधरांना आठवत होतं ते एवढंच, की आठ वाजता ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी उठून पुढचं दार उघडलं. पायपुसणं उचललं. खालची लाकडी फळी भिजून काळी पडली होती.

माणसाने भ्यावं तरी किती? त्यांना भीतीपेक्षा राग आला. टॅम यांना तोंडावर सांगून टाकायचं, मी तुमच्या भावाच्या जागेवर चुकून उभा राहिलो, आता मला मोकळा करा. त्यांनी बूट घातले, नाड्या दोन-दोनदा आवळल्या आणि निघाले.

धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, फक्त त्याचा वास येत होता, आणि तो तलावाचा नव्हता. हिरवळीवर सात माणसं हात हलवत होती. पुढे कुणी नव्हतं. टॅम बाकावर बसले होते, तोंड राखेसारखं. मिसेस यिप त्यांच्यापुढे वाकून त्यांचा मफलर ठीक करत होत्या.

"यांना बरं नाही. अँब्युलन्सला फोन केलाय," त्या म्हणाल्या.

मुरलीधरांचा राग तिथेच विरला. आजारी माणसाला काय बोलायचं? ते शेजारी बसले. त्यांनी धीर द्यावा तसा टॅम यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

टॅम दचकले. पण त्यांनी खांदा झटकला नाही.

हात जड होता. मुरलीधरांना तो उचलता येईना. पाणी भरलेल्या पोत्यासारखा तो खाली खाली दाबत चालला होता.

त्यांच्या बुटांतून पाणी वाहत होतं.

टॅम यांनी डोळे मिटले. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.

मग खांदा सैल पडला, आणि हात सुटला.

अँब्युलन्स आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं म्हणे. "हार्ट फेल्युअरमध्ये होतं असं, बाबा," कस्तुरीने समजावलं. "त्यात विचित्र काही नाही." मुरलीधरांनी मान डोलावली. त्यांना त्या सकाळचं सगळं नीट आठवत होतं. ते बाकावर बसले होते, खांद्यावर हात होता, ते एक शब्द बोलले नव्हते. आठवडाभरात तळवे भरून आले. मोजे पुन्हा कधी ओले झाले नाहीत.

अंत्यविधीला ते एकटेच गेले. दाराशी प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेली एक गोड गोळी देत होते, शोकाची कडवट चव जावी म्हणून घरी पोचायच्या आत खायची. नंतर चायना टाऊनच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवण होतं. गोल टेबल, सात पदार्थ, मध्ये वाफवलेला अख्खा मासा. टॅम यांची मुलगी जॅनिस टेबलापाशी आली आणि तिने मुरलीधरांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही शेवटी बाबांजवळ होता, त्यांच्याशी इतका वेळ बोललात, खूप आधार वाटला. आणि तुमची भाषा! मिसेस यिप म्हणाल्या, अगदी बाबांच्या गावच्यासारखी बोलत होता. कुठे शिकलात?"

मुरलीधरांनी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. ती पुढच्या टेबलाकडे गेल्यावर त्यांनी मिसेस यिप यांना गाठलं. त्या उभ्याच होत्या, हातात रिकामी बशी घेऊन.

"मला तुमची भाषा येत नाही."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय बोललो मी?"

मिसेस यिप यांनी आजूबाजूला पाहिलं. "त्यांनी विचारलं, अजून किती लांब आहे. तुम्ही म्हणालात, पोचलोच. पाणी गार नाही. बॉल सोड, दादा."

"मग?"

"मग त्यांनी सोडला."

वेटरने भाताचा टोप टेबलावर ठेवला. मुरलीधर समोरची खुर्ची ओढून बसले.

"एवढंच?"

"नाही." मिसेस यिप एक पाऊल मागे सरल्या. "मग तुम्ही मान वळवलीत. माझ्याकडे बघितलंत. विचारलंत, ही कोणाची? हिला न्यायला कोण येणार?"

त्या टेबलाला लांबून वळसा घालून पलीकडे जाऊन बसल्या. तेव्हा कुठे मुरलीधरांच्या लक्षात आलं, की हॉल गच्च भरला होता, माणसं भिंतीला टेकून उभ्याने जेवत होती, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.