दोनशे मीटरवरची ट्रॉली

या पेजवर मी आजवर फक्त वाचत आलोय. लिहितोय पहिल्यांदाच.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझ्याशिवाय आणखी दोन माणसांनी यातलं थोडं थोडं पाहिलंय.

तारीख १६ जानेवारी २०२५. गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ.

ठिकाण... शिंदखेड्याहून सोनगीरकडे येणारा रस्ता.

मी मनन. धुळ्यात आमचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. वडिलांनी, सुरेशचंद यांनी उभं केलेलं. शिंदखेड्याला आमचंच एक लहान दुकान आहे. ते माझा धाकटा भाऊ अखिल बघायचा. त्याला गाड्यांचं वेड. उंच, दणकट अशी ॲडव्हेंचर बाईक घेतली होती त्यानं. लडाखला जायचं म्हणायचा. गेला कुठंच नाही. धुळे ते शिंदखेडा, शिंदखेडा ते धुळे.

नोव्हेंबरात याच रस्त्यावर त्याचा अपघात झाला.

रस्त्याकडेच्या चारीत सापडला. शुद्धीवर होता. धुळ्याला दवाखान्यात आणल्यावर त्यानं त्याच्या बायकोला, जिनलला एवढंच सांगितलं, "कापसाची ट्रॉली उभी होती. मध्येच. मागे लाईट नव्हता."

पहाटे तो गेला.

पोलिसांनी ट्रॉली शोधली. पप्पांनीही आसपासच्या गावांत फोन करकरून शोधली. मिळाली नाही. एक हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "ट्रॉलीवर आदळली असती तर गाडीचं तोंड राहिलं नसतं हो. इथं पुढं ओरखडासुद्धा नाही. गाडी नुसती आडवी पडलीय."

पप्पा चिडले. त्यांना कोणीतरी दोषी हवा होता.

मला काहीच वाटलं नाही.

हे मी खरं सांगतोय. मी रडलो नाही. लोक म्हणायचे, मनन घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हतो. दुकानात बसायचो, गिऱ्हाइकाला मोटारीचा हॉर्सपॉवर सांगायचो, घरी येऊन जेवायचो. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही.

डिसेंबरात बाईक परत मिळाली. पप्पा म्हणाले, "विकून टाक."

जिनल म्हणाली, "नको, भैया. आता दर गुरुवारी शिंदखेड्याला तुम्हालाच जायचंय ना? तीच चालवा. फक्त आधी चांगले लाईट लावून घ्या. त्याला दिसलं नव्हतं..."

म्हणून मी धर्मेंद्रकडे गेलो.

धर्मेंद्र ऑटो इलेक्ट्रिशियन. मूळचा शिरपूरच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. पारोळा रोडला त्याचं टपरीएवढं दुकान आहे. अखिलची गाडी म्हटल्यावर त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"खोक्यावर लुमेन किती लिहिलेत ते बघू नका, मननभाऊ. काहीही लिहितात. उजेड कुठं पडतो ते बघायचं."

त्यानं दोन एलईडी दाखवले. एक पिवळसर, रुंद उजेडाचा. रस्त्याच्या कडा आणि खड्डे दिसायला. दुसरा पांढरा, अरुंद झोताचा.

"हा दोनशे मीटर मारतो. तुमच्या हेडलाईटला साठ-सत्तर मीटरच्या पुढचं दिसत नाही. ऐंशीच्या स्पीडला तेवढ्यात गाडी थांबते का?"

"दोन्ही लाव," मी म्हणालो.

त्यानं क्रॅशगार्डला क्लॅम्प बसवले. बॅटरीवरून थेट वायर काढली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. मध्ये रिले. हँडलवर स्वतंत्र बटण.

"बटणावर सगळा लोड टाकला तर बटण जळतं. बटण फक्त रिलेला सांगणार, रिले लाईट लावणार. लाईट लागताना सीटखाली 'टक' वाजेल, तोच रिले. आणि रिलेचा करंट मी चावीवर घेतलाय. चावी काढली की लाईट बंद. विसरायची भीती नाही."

त्यानं चावी काढून दाखवली. टक. अंधार.

समोरच्या भिंतीवर झोत टाकून, स्क्रू सैल-घट्ट करत त्यानं उंची जुळवली. मी बघत होतो. चांगलं काम करत होता. एवढंच मनात आलं.

२ जानेवारीला, गुरुवारी, मी पहिल्यांदा अंधारात त्या रस्त्यानं परतलो.

दोन्ही लाईट लावले होते. रस्ता लांबवर स्वच्छ दिसत होता. थंडी होती. दोन्हीकडे गहू, आणि शेतांतून मोटारींची घरघर. तो आवाज माझ्या कानात मुरलेला आहे. कुठली मोटर कोरडी चाललीय, हेही मला आवाजावरून कळतं.

एका वळणानंतर सरळ रस्ता लागतो.

तिथं घरघर थांबली.

वीज गेली असेल, असं वाटलं. पण लांब एका खळ्यावरचा बल्ब चालू होता...

आणि झोताच्या अगदी टोकाला मला ट्रॉली दिसली.

कापसानं भरलेली. वर ताडपत्री बांधलेली. रस्त्याच्या मधोमध. मागे लाईट नाही.

मी वेग कमी केला. समोरून एक जीप येत होती, म्हणून सवयीनं बटण दाबून जादा लाईट बंद केले. जीप आली. सरळ आली. ट्रॉली जिथं होती तिथूनच आली आणि निघून गेली.

परत लाईट लावले. रस्ता रिकामा.

घरी आलो. जेवलो. झोपलो.

पुढच्या गुरुवारी मुद्दाम उशिरा निघालो. का, ते विचारू नका.

तेच वळण. घरघर थांबली. ट्रॉली उभी.

मी गाडी थांबवून बटण दाबलं. टक. साध्या हेडलाईटमध्ये नुसता डांबरी रस्ता. परत दाबलं. टक...

ट्रॉली. पण आता ती निम्म्या अंतरावर होती.

या वेळी मागची फळी खाली सोडलेली दिसली. फळीवर दोन बायका पाय सोडून बसल्या होत्या. डोक्याला फडकी गुंडाळलेली, वेचणीला येणाऱ्या बायका गुंडाळतात तशी. त्यांच्या पायांवर थेट उजेड पडत होता. पाय हलत नव्हते.

मी लाईट बंद करून निघालो. त्या जागेवरून जाताना गाडीला काहीही लागलं नाही. फक्त सरकीचा वास आला. ओल्या सरकीचा.

धर्मेंद्रला मी एवढंच विचारलं, "लाईटमुळे नसलेलं काही दिसू शकतं का?"

तो हसला नाही. म्हणाला, "खाली करून देऊ का झोत?"

"नको."

आणि मग सोळा तारीख.

त्या दिवशी ट्रॉलीच्या मागे, वीस-पंचवीस पावलांवर मी गाडी उभी केली. दोन्ही लाईट चालू. एकही मोटर वाजत नव्हती. माझ्या इंजिनचा आवाजही मला येत नव्हता.

फळीवर तिघं होते.

दोन बायका. आणि त्यांच्या पलीकडे एक तरुण, मान खाली घालून बसलेला. मांडीवर हेल्मेट.

निळं जॅकेट. खांद्यावर चिकटवलेली पांढरी पट्टी. ती पट्टी जिनलनं लावली होती, अंधारात दिसावी म्हणून.

"अक्की..."

त्यानं मान वर केली नाही.

तो फक्त सरकला. बायकांकडे सरकला आणि फळीवर जागा केली. लहानपणी ट्रॅक्टरवर बसताना करायचा तशी. हातानं फळी झटकली.

मी घाबरलो असं लिहायला हवं. नाही घाबरलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. थकवा. इतका थकवा, की आता बसायला मिळणार, एवढंच डोक्यात होतं...

"ओ भाऊ! मरनं शे का तुले?"

माझ्यासमोर पिकअप उभी होती. हातभर अंतरावर. तिच्या लाईटनं डोळे दिपले. मी रस्त्याच्या मधोमध होतो. माझी गाडी कितीतरी मागे, स्टँडवर.

ड्रायव्हर खाली उतरला. दूध घेऊन जाणारा माणूस. नंतर कळलं, त्याचं नाव चुडामण.

"कितला हॉर्न वाजाडा मी! आयकू उना नही का?"

मी म्हणालो, "ट्रॉली होती इथं."

"कसानी ट्रॉली? बठ्ठा रस्ता खाली शे." मग त्याचा आवाज उतरला. "तुम्ही हात पुढे करीसन चाली ऱ्हायनात. कोनले हात दी ऱ्हायनात तुम्ही?"



त्यानं माझ्या गाडीकडे बघितलं. दोन्ही लाईट ढणढणा जळत होते. मग माझ्या मुठीकडे बघितलं.

"भाऊ... चावी ते तुमना हातमा शे."

मी मूठ उघडली. चावी होती.

इंजिन बंद होतं. लाईट चालू होते.

चुडामण दोन पावलं मागे सरला.

टक.

इतक्या लांबून तो आवाज यायला नको होता. पण आला. दोघांनाही आला. लाईट विझले. आणि त्याच क्षणी चारही बाजूंनी मोटारींची घरघर सुरू झाली.

चुडामणनं मला एकट्याला जाऊ दिलं नाही. पिकअप वळवली आणि सोनगीरच्या हायवेपर्यंत माझ्यामागे आला. मी साध्या हेडलाईटवर गाडी चालवली. बटण दाबून पाहिलं होतं. जादा लाईट लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रनं सीट काढली. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळा पडलेला. आतली तार वितळून गेलेली.

"हा कालचा नाही, मननभाऊ. याच्यावर धूळ बसून घट्ट झालीय बघा. आठ-दहा दिवस झाले असतील उडून." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काल लाईट लागले होते म्हणता?"

"हो."

"कशावर लागले?"

मी त्याला लाईट काढून टाकायला सांगितले. त्यानं काढले, पण ठेवून घ्यायला नकार दिला. मजुरीही घेतली नाही. "तुम्हीच ठरवा त्यांचं काय करायचं ते," म्हणाला. मी ते तापीच्या पुलावरून पाण्यात टाकले.

पप्पांना यातलं काही माहीत नाही. ते अजूनही ट्रॉली शोधतायत.

जिनलला मात्र मी सांगितलं. सगळं. तिचा हक्क होता, असं मला वाटलं. आता वाटतं, चूक केली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "चेहरा कसा होता? त्रास होत असल्यासारखा दिसत होता का?"

"दिसला नाही चेहरा."

"आणि जागा? किती जागा केली त्यानं?"

मी उत्तर द्यायला नको होतं. पण मी आठवून बघितलं आणि जे आठवलं ते सांगून टाकलं.

"दोघांपुरती."

त्यानंतर ती रडली नाही. नवऱ्याच्या पट्टीबद्दल, जॅकेटबद्दल काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या करत राहिली.

आता मी शिंदखेड्याला बसनं जातो आणि उजेडात परत येतो. पण जिनल दर बुधवारी रात्री, ताटं उचलताना, मला तेच म्हणते. आवाज न चढवता.

"भैया, एकदा तसेच लाईट लावून मला तिथं घेऊन चला ना."

काल बुधवार होता. काल मी तिला नाही म्हणालो नाही.