पलंगाच्या पायातला भुंगेरा

"गप की, ऐक आता," म्हणत संघप्रियानं स्टीलचा पेला पलंगाच्या डाव्या पायाला लावला आणि पेल्याच्या बुडाला कान. आतून कर्र, कर्र.

"उंदीर हाय," धाकटा सम्राट म्हणाला.

"पायात उंदीर मावतोय व्हय रे, शहाण्या?"

तिनं पायावर खडूनं फुली मारली. फुलीखाली रोज पिठासारखा भुसा पडायचा. वरच्या मजल्यावरची श्रुतीताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. तिनं भुसा चिमटीत धरला.

"भुंगेऱ्याची अळी. वाळक्या लाकडात कस नसतो, म्हणून मोठं व्हायला वर्षं लागतात. बाहेर आल्यावर जगायचं मात्र काही आठवडे."

"आणि बाबांनी औषध मारायला केरबाकाकांना बोलावलंय," सम्राट पुटपुटला.

संघप्रियानं डावी फुली पुसली आणि उजव्या पायावर मारली.

पलंग बनवणारे केरबा सुतार दुपारी आले. फुली बघून सगळं औषध त्यांनी उजव्या पायात सोडलं. सम्राट हसू दाबत खिडकीशी गेला.

"काका, लाकूड कुठलं ओ?"

"आजऱ्याच्या रस्त्याकडंचा आंबा. रुंदीकरणात पाडला. लग्नसराईची गडबड, वाळवत कोण बसतंय? वलाच कापला."

आठवड्यानं डाव्या पायाला करंगळीएवढं भोक पडलं. राखाडी भुंगेरा बाहेर आला. मिशा अंगाहून लांब. श्रुतीताई गुडघे टेकून त्याच्यावर वाकली.

"असला मी फक्त चित्रात बघितलाय," ती म्हणाली. "नर आहे. या मिशांनी तो मादीचा वास हुडकतो. त्याला त्याच्या आंब्यांकडं न्यायला पाहिजे."

भोकं पाडलेल्या खोक्यात घालून ती तिघं त्याला एसटीनं आजऱ्याला घेऊन गेली.

रस्ता झकास झाला होता. एकही आंबा नव्हता. खोडंसुद्धा जाळून टाकलेली. रस्ता करणाऱ्या एवढ्या शहाण्यांत एकालाही एक झाड ठेवावंसं वाटलं नव्हतं.

खोकं उघडलं तसा भुंगेरा उरलेल्या एका काळ्या बुंध्यावर बसला. मिशा सावकाश इकडं फिरवल्या, तिकडं फिरवल्या. ऊन उतरलं तरी तो उडाला नाही.

"वासच येत न्हाय त्याला," सम्राट म्हणाला आणि रडायला लागला.

फुली बदलल्याची बातमी गल्लीत पसरली. बाबांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला. केरबाकाका मुद्दाम आले. "मला येड्यात काढलंसा की रं. शाब्बास, पोरांनो."

"शाब्बास नको, काका." संघप्रियानं त्यांच्या हातात पेला दिला. "पुढल्या येळी लाकूड कापायच्या आधी कान लावा."

केरबाकाकांनी पेला डाव्या पायाला लावला. पेल्याच्या बुडाला कान. आत आता काहीच नव्हतं.